विमान उडालं, बिल राहिलं

अडकलेल्या पैशांच्या या सदरात एरवी दुकानदार, ठेकेदार, ट्युशनवाले लिहितात. यावेळी मात्र विमानतळाकडून, सोनेगाव-मिहानच्या बाजूनं पत्रं आली, छोट्या विमानांचं काम करणाऱ्यांची. नागपुरात विमान दुरुस्ती म्हटलं की लोकांना मिहानमधलं एअर इंडियासाठी बोइंगनं बांधून दिलेलं ते भलंमोठं हँगर आठवते, पण तिथे पर्चेस ऑर्डर असते, लीगल डिपार्टमेंट असते, त्यांचं ते पाहून घेतात. सेसना १५२, १७२ अशा छोट्या विमानांवर काम करणाऱ्यांचा सगळा व्यवहार "तू कर न भाऊ, पैसे कुठे पळून चालले" या एका वाक्यावर सुरू असते, आणि पैसे खरंच पळून जातात. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्याच लाईनचे घेतले.

प्रश्न : दादा नमस्कार. आमची छोटी मेंटेनन्स फर्म आहे, डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं) अप्रूव्हल आहे, माणसं मोजकीच. चार महिन्यांआधी एका फ्लाइंग स्कूलची सेसना १७२ हंड्रेड आवर इन्स्पेक्शनसाठी (दर शंभर तास उडाल्यावरची तपासणी) आली होती, त्यात एक सिलिंडर बदललं, मॅग्नेटोचं (इंजिनच्या प्लगला ठिणगी देणारा भाग) काम निघालं, सगळं करून सीआरएस (काम बरोबर झालं, विमान उडू शकते असं सहीचं सर्टिफिकेट) देऊन विमान पाठवून दिलं. बिल गेलं. तेव्हापासून "अकाउंटवाले सुट्टीवर आहेत", "सरांची सही राहिली", "पोट्ट्यांची फी येऊ द्या" हेच सुरू आहे. आता त्याच स्कूलचं दुसरं विमान आमच्याकडे येऊन उभं आहे, अजून काउलिंग (इंजिनवरचं झाकण) पण नाही उघडलं. पार्टनर म्हणून राहिला की हे विमान सोडायचंच नाही, आणि नाही जमलं तर निदान लॉगबुक तरी दाबून ठेवू. करू का? (वाचक, मनीषनगर)

उत्तर : नका करू. पार्टनरचा राग बरोबर आहे, निशाणा चुकला आहे.

विमान अडवायचा हक्क कायद्यात आहे, नाही असं नाही. १८७२ चा आपला करार कायदा आहे ना, त्याच्या कलम १७० मध्ये लिहिलं आहे की दुसऱ्याच्या वस्तूवर तुम्ही मेहनत आणि कसब लावलं असेल तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू तुम्ही आपल्याजवळ ठेवू शकता. कायद्यातच दोन उदाहरणं दिली आहेत आणि मस्त आहेत. एक जवाहिऱ्याचं, त्याच्याकडे कच्चा हिरा पैलू पाडायला दिला तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवू शकतो. दुसरं टेलरचं, त्यानं कोट शिवून झाल्याबरोबर देतो आणि पैसे तीन महिन्यांनी चालतील असं कबूल केलं असेल तर त्याला कोट अडवता येत नाही. तुमचं घोडं इथेच पेंड खाते. हा हक्क ज्या वस्तूवर काम केलं त्याच वस्तूपुरता आणि त्याच कामाच्या पैशापुरता आहे, आणि वस्तू ताब्यात आहे तोवरच आहे. ज्या विमानावर सिलिंडर बदललं ते उडून गेलं, त्याच्यासोबत हक्क पण उडाला. जे समोर उभं आहे त्याच्यावर तुम्ही अजून एक स्क्रू फिरवला नाही, मग कशाच्या जोरावर अडवता? जुन्या-नव्या सगळ्या बाकीसाठी हाती लागेल ते धरून ठेवायची मुभा पुढच्या कलमात, १७१ मध्ये, बँका, वकील अशा मोजक्या मंडळींना आहे. त्यात एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा लायसन्सवाला इंजिनिअर, नाही.

पण त्याच १७१ मध्ये एक फट आहे आणि ती कोणी वाचत नाही. करारात स्पष्ट लिहून घेतलं असेल तर बाकीच्यांना पण असा हक्क मिळू शकतो. म्हणजे तुमच्या वर्क ऑर्डरवर एक ओळ टाका, की या ग्राहकाच्या कुठल्याही विमानाचं कुठलंही बिल बाकी असेल तर आमच्या ताब्यातलं त्याचं कुठलंही विमान किंवा पार्ट आम्ही बाकी फिटेपर्यंत ठेवू शकतो, आणि त्याच्याखाली स्कूलच्या जबाबदार माणसाची सही घ्या, काम सुरू करायच्या आधी. वकिलाकडून शब्द नीट बसवून घ्या, सिव्हिल लाईन्सला कोर्टाच्या आसपास वकिलांची कमी नाही. आणि बिलाच्या खाली कोणाचातरी फॉरमॅट कॉपी करून छापलेलं "पेमेंट ३० दिवसांत" हे असेल तर आजच काढा. ते वाचून समोरचा म्हणेल की तुम्ही तर उधारी कबूल केली होती, झालात तुम्ही तो टेलर.

लॉगबुकचं तर नावच काढू नका. एअरफ्रेम, इंजिन, प्रॉपेलर, तिन्ही लॉगबुकं विमानासोबतची आहेत, तुम्हाला नोंदी करायला दिली होती. ती दाबली तर पैशाचा वाद एका दिवसात रेकॉर्डचा वाद होते, आणि त्यात डीजीसीएसमोर उत्तरं तुम्हाला द्यायला लागतील, स्कूलला नाही. सीआरएसचं पण तेच. काही लोकं काम पूर्ण करून ठेवतात आणि सही पैशासाठी लटकवतात, काही त्याच्या पुढचे, पैसे नाही आले म्हणून मागाहून लॉगमध्ये एखादा स्नॅग, म्हणजे बिघाड, टाकून देतात. हे दुसरं काम ज्यानं केलं त्याच्या हातात लायसन्स राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता समोरच्या विमानाचं. ते उघडलं नाही हीच तुमची जमेची बाजू. काम घ्यायचं की नाही ही तुमची मर्जी आहे, त्याला कुठलं कलम लागत नाही. स्कूलला शांतपणे लिहा, फोन नाही, लिहा, की जुनी बाकी आणि या कामाचा निम्मा अॅडव्हान्स जमा झाल्यावर काउलिंग उघडू, तोपर्यंत विमान घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. स्कूलवाल्याला विमान जमिनीवर उभं ठेवणं परवडत नाही, पोट्ट्यांचे तास थांबतात, त्यामुळे या एका ईमेलचा जोर चार महिन्यांच्या फोनपेक्षा जास्त पडेल.

आणि जुन्या बिलासाठी एमएसएमईचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्याचा रस्ता. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का ते पत्रात लिहिलं नाही. असेल आणि बिलाच्या आधीची असेल तर उत्तमच. मायक्रो किंवा स्मॉल फर्मला २००६ च्या एमएसएमई कायद्यानं संरक्षण आहे (तुमच्यासारखी मोजक्या माणसांची फर्म मायक्रोच असेल, १० कोटींपर्यंतचा टर्नओव्हर आता त्यात बसतो). लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायला पाहिजेत, करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. समजा बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. आणि काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नसेल तर काम स्वीकारलं असं कायदा धरतो, म्हणजे आता चार महिन्यांनी कोणी म्हणाला की "मॅग्नेटोचं काम काही बरोबर नव्हतं बरं का" तर विचारा की तेव्हा लिहून का नाही दिलं.

तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते, ती फॅसिलिटेशन काउन्सिलकडे जाते. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा जास्त वेळ जाते हे गृहीत धरा. पण निकाल विरोधात गेला आणि स्कूलला कोर्टात जायचं असलं तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात, आणि हे समोरच्याच्या वकिलाला माहीत असते.

त्याच्याही आधी मात्र त्यांच्या अकाउंटंटला एक पत्र पाठवा. इन्कम टॅक्समध्ये जे ४३बी(एच) म्हणून गाजलं ते याच्यासाठीच आहे, मायक्रो-स्मॉलवाल्याचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च वजा धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच धरता येते. म्हणून फेब्रुवारीत पत्र, मार्चमध्ये फोन. मालकाला तुमचं तोंड पाहून दया येत नसेल, सीएचा मार्चएंडचा फोन आला की येते. स्कूल एखाद्या ट्रस्टचं असेल आणि टॅक्सच भरत नसेल तर हा डाव चालणार नाही, ते आधी पाहून घ्या.

जीएसटीचा डाव पण इथे लागत नाही, सांगून ठेवतो, कारण कोणीतरी तुम्हाला सांगेलच. १८० दिवसांत बिल दिलं नाही तर घेणाऱ्याला घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) परत करावं लागते हे खरं आहे, पण डीजीसीए मान्य फ्लाइंग ट्रेनिंगला जीएसटी माफ आहे, २०२४ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलनं ते स्पष्ट केलं, मग त्या ट्रेनिंगपोटी स्कूल क्रेडिट घेतच नाही तर परत काय करेल?

शेवटचं, तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. पैशाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत टाकावा लागते. मधात कधी त्यांनी लेखी कबूल केलं की हो एवढी बाकी आहे, तर तिथून मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून दरवर्षी बॅलन्स कन्फर्मेशनवर सही घेत चला, चहा पाजून घ्या पण घ्या.

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला ए अँड पी मेकॅनिक (विमान आणि इंजिन दोन्हीचा लायसन्सवाला) आहे. तो म्हणते मामा तुम्ही इतका त्रास काहून घेता, इथे बिल नाही दिलं तर आम्ही सरळ विमानावर लिएन, म्हणजे बाकीपोटी हक्काची नोंद, टाकून देतो, विकायला गेला की मालक आपोआप पैसे आणून देतो. आपल्याकडे असं करता येते का? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : भाचा तिकडचं बरोबर सांगून राहिला. अमेरिकेत दुरुस्तीवाल्याचा हक्क त्या त्या राज्याच्या कायद्यानं ठरतो आणि तो कागद ओक्लाहोमा सिटीला एफएएची (तिकडची डीजीसीए) जी एअरक्राफ्ट रजिस्ट्री आहे तिथे नोंदवतात, मग कोणी विमान घ्यायच्या आधी टायटल सर्च केला की ते नाव समोर येते. आपल्याकडे छोट्या बिलासाठी असा सोपा काउंटर नाही, आपला हक्क ताब्याचा, वरच्या उत्तरात लिहिला तो. कोणी तुम्हाला विमानांवरच्या हक्काचा आंतरराष्ट्रीय करार, केपटाउन कन्व्हेन्शन, सांगेल, त्याचा आपल्याकडे २०२५ मध्ये वेगळा कायदा पण झाला, पण तो करार निदान आठ माणसं बसतील किंवा २७५० किलोच्या वर माल जाईल अशा विमानांसाठी आहे. चार सीटच्या सेसनाला त्याची हवा पण लागत नाही.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, रागावू नका. आम्ही मित्रांनी मिळून एक जुनं चार सीटचं विमान घेतलं आहे. इन्स्पेक्शनचा आकडा ठरला होता, बिल आलं त्याच्या जवळजवळ अडीच पट. इंजिनिअर म्हणतो "आत निघालं म्हणून केलं." हे म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि इंजिन बदलून दिलं, असं झालं. मी पूर्ण पैसे का द्यावे? (वाचक, रामदासपेठ)

उत्तर : रागावत नाही, तुमचाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, कारण वरच्या माणसाचे पैसे अडकतात ते बहुतेक इथूनच अडकायला सुरुवात होते.

इन्स्पेक्शन म्हणजे उघडून पाहणं. पाहिल्यावर जे निघेल ते दुरुस्त करणं वेगळं काम, वेगळे तास, वेगळे पार्ट. आकडा ठरतो तो पाहण्याचा. पण हे मालकाला कोणी सांगत नाही, मालक पण विचारत नाही, दोघंही खूश असतात, बिल येईपर्यंत.

तुमच्या केसमध्ये काय झालं असेल ते अंदाजानं सांगतो. सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करताना ८० पीएसआय हवा सोडतात आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते पाहतात. ८० वर ७४, ७२ अशी आली तर कोणी काही बोलत नाही. तिसऱ्या सिलिंडरवर समजा ५५ आली. मग इंजिनिअर कान लावतो. एक्झॉस्ट पाइपमधून सुसू आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व बसत नाही, कार्ब्युरेटरच्या बाजूनं आला तर इनटेक व्हॉल्व, ऑइल भरायच्या नळीतून आला तर रिंगा. इंजिन जरा फिरवून, गरम करून परत एकदा घेतात, तरी तीच रीडिंग आली तर सिलिंडर उतरवायची पाळी येते. आता चांगला इंजिनिअर इथे पाना खाली ठेवतो आणि मोबाईल उचलतो. गेजचा व्हिडिओ, आवाजासकट, मालकाला पाठवतो, खाली लिहितो की सिलिंडर काढायला इतके तास, पार्ट लागला तर इतके पैसे आणि इतके दिवस, करू का? आणि "हो" येईपर्यंत हात लावत नाही. तुमच्या इंजिनिअरनं काम बरोबर केलं असेल हो, पण विचारलं नाही, तिथे तो कच्चा पडला.

म्हणून तुम्ही असं करा. आयटमवार बिल मागा, इन्स्पेक्शनचे तास वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, पार्ट वेगळे. प्रत्येक नव्या पार्टसोबत त्याचा रिलीज सर्टिफिकेट येतो, एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १ वगैरे, तो पाहा. काढलेला जुना पार्ट तुमचा आहे, टॅग लावून परत मागा. हे सगळं जागेवर असेल तर जास्तीचं काम तुमच्याच विमानात बसलेलं आहे, तुम्ही त्याच्यावर उडून राहिले, पैसे द्या. नाही विचारलं म्हणून मजुरीत थोडी घासाघीस करा, तेवढा तुमचा हक्क आहे. पार्टच्या किमतीत करू नका, तो पार्ट बाहेरून डॉलरमध्ये येतो, वर भाडं, वर कस्टमचं क्लिअरन्स, त्यात त्या बिचाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि इंजिनिअर मंडळी वाचत असतील तर त्यांना पण, पार्टचे पैसे शंभर टक्के आधी घ्यायचे. मालकाच्या विमानाचे पार्ट स्वतःच्या क्रेडिट कार्डवर मागवणारे लोकं मी पाहिले आहेत, ते व्याज भरून राहिले आणि मालक संडेला उडून राहिला. व्हॉट्सअॅपवरचं "हो" कोर्टात चालते, २०२४ च्या जुलैपासून जो नवा साक्ष कायदा लागू झाला त्यात कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागते, म्हणून फोन बदलला तरी चॅट पुसू नका.

प्रश्न : माझ्या मुलानं एएमईचं ट्रेनिंग केलं. एका शॉपमध्ये लागला. चार महिने झाले, म्हणतात अनुभव मिळून राहिला न, पगाराचं नंतर पाहू. आता सोडतो म्हटलं तर म्हणतात अनुभवाच्या नोंदींवर सही नाही देणार. पोरगं घाबरून गेलं. (एक आई, हुडकेश्वर)

उत्तर : ताई, आधी एक कागद शोधा, ऑफर लेटर, ईमेल, आयकार्ड, हजेरी, गेटपास, काहीही, ज्यानं तो तिथे कामाला होता हे दिसेल. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असं आहे. अनुभवाच्या बदल्यात पगार नाही असा प्रकार कायद्यात नाही. अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर तसा करार आणि स्टायपेंड पाहिजे, तो पण दिसत नाही.

सहीचं म्हणाल तर मुलाला सांगा की आजपासून रोजचं काम त्याच दिवशी लॉगमध्ये लिहायचं, विमान कोणतं, टास्क कोणता, वर्क ऑर्डरचा नंबर काय, आणि ज्या इंजिनिअरच्या हाताखाली केलं त्याची सही त्याच आठवड्यात. चार महिन्यांचं एकदम घेऊन गेला की समोरच्याला दादागिरी करायला जागा मिळते. झालेल्या कामाची जी वर्क ऑर्डर आहे ती शॉपच्या रेकॉर्डमध्ये असतेच, ती कोणाला गिळता येत नाही. आधी शॉपला लेखी पत्र द्या, आठ दिवस पाहा, मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसला अर्ज. मुलानं एकट्यानं भांडू नये, मोठं कोणीतरी सोबत जावं.

प्रश्न : आमच्या बिलावर जीएसटी १८ टक्के लावायचा की ५? मालक रोज वेगळं सांगतो. (वाचक, खापरी)

उत्तर : विमानाच्या मेंटेनन्सवर ५. एप्रिल २०२० च्या आधी १८ होता, तेव्हापासून मालकाच्या डोक्यात तोच बसला असेल. सेवेचा टर्नओव्हर वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. नोंदणी केली असेल तर मात्र बिल काढलं त्या महिन्याचा टॅक्स भरायचा, पैसे येवो न येवो, म्हणून ज्याच्या देण्याचा भरवसा नाही त्याला आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा आणि अॅडव्हान्स आणा, काम सुरू त्याच्यानंतर. काम झाल्यावर टॅक्स इन्व्हॉइस लांबवता येत नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड इंजिनिअर. ओळखीचे पायलट, मालक फोन करतात, "काका जरा येऊन पाहून जा न". जातो, उन्हात दोन तास उभा राहतो, संत्रा बर्फीचा डबा देतात. घरचे चिडतात. पैसे मागायला लाज वाटते. (वाचक, सोमलवाडा)

उत्तर : काका, लाज त्यांना वाटायला पाहिजे, पण वाटणार नाही, म्हणून तुम्हीच बोला. फोनवर दोनच गोष्टी सांगायच्या, व्हिजिटचे इतके घेतो आणि येण्याच्या आधी पाठवून द्या. जो खरा अडलेला आहे तो पाच मिनिटांत पाठवतो, बाकीचे गळतात, बरंच आहे.

पैशापेक्षा मला दुसरी काळजी वाटते. तुम्ही फोनवर म्हणता "रनअपला मॅग ड्रॉप किती आला? १६०? प्लग फाउल झाला असेल, मिक्श्चर लीन करून जरा चालव, निघून जाईल". १७२ एसच्या पुस्तकात १८०० आरपीएमला एका मॅग्नेटोवर १५० आरपीएमच्या वर ड्रॉप (इंजिनचे फेरे कमी होणं) चालत नाही असं लिहिलं आहे, तो माणूस तुमच्या शब्दावर उडाला आणि काही झालं तर सगळे तुमचं नाव घेतील, आणि तुम्ही त्या दिवशी कुठल्याच अप्रूव्हलखाली नव्हता, लायसन्सचं म्हणाल तर सही करायला मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा चालू अनुभव लागतो, तो तुमचा आहे का ते तुम्हीच पाहा. सल्ला द्यायचा तर कागदावर द्या, "पाहून सांगितलं, दुरुस्ती आणि सही मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी" एवढं लिहून फोटो पाठवायचा, फीची पावती पण त्याच्यातच जोडा. डबा देत असतील तर तो पण घ्या, फीमधून वजा मात्र करू नका.